खालच्या फळीवरची पुस्तके

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीविषयी होती: वाचायची इच्छा आहे, वेळही आहे, पण पुढचे पुस्तक कोणते घ्यावे हे कळत नाही. कादंबऱ्या, कथासंग्रह आणि प्रवासवर्णने यांविषयीची पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे मोठी होती, म्हणून प्रश्नांचा गाभा तेवढा येथे दिला आहे.

प्रश्न: मी बँकेतून निवृत्त झाले आहे. ‘ययाती’, ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’ या कादंबऱ्या मी तीन-तीन वेळा वाचल्या आहेत. आता काही वेगळे वाचावेसे वाटते. परंतु वाचनालयात गेले की हात पुन्हा ओळखीच्या नावांकडेच जातो. नव्या लेखकाचे पुस्तक घरी आणून ते न आवडल्याचा अनुभव दोनदा आला आणि धीर खचला. वेगळी कादंबरी शोधायची कशी? (एक वाचक, सांगली)

उत्तर: आपण लिहिलेल्या तीन कादंबऱ्यांची साले पाहा. ‘ययाती’ १९५९ची, ‘स्वामी’ १९६२ची आणि ‘मृत्युंजय’ १९६७ची. म्हणजे आपले आवडते वाचन जेमतेम आठ वर्षांच्या काळातले आहे. त्याच आठ वर्षांत अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९), उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०), श्री. ना. पेंडसे यांची ‘रथचक्र’ (१९६२), भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आणि जयवंत दळवी यांची ‘चक्र’ (दोन्ही १९६३), तसेच अश्लीलतेच्या वादाने गाजलेली भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ (१९६५) अशा कादंबऱ्या आल्या. पुराणकथेचा आणि पेशवाईचा महाराष्ट्र ज्या वर्षांत रंगवला जात होता, त्याच वर्षांत वारणेकाठचे बंड, वऱ्हाडातले दारिद्र्य, वसतिगृहातला एकटेपणा आणि मुंबईची झोपडपट्टीही लिहिली जात होती. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, लेखक बदलण्याआधी दशक तेच ठेवावे. त्या काळाची मराठी आपल्या कानाला सवयीची आहे, त्यामुळे अनोळखी लेखकाच्या पहिल्या पन्नास पानांत होणारी दमछाक बरीच कमी होईल.

यातल्या दोन कादंबऱ्या मी आपल्याला लागोपाठ वाचायला सांगेन, ‘धग’ आणि ‘रथचक्र’. ‘धग’मधली कौतिक ही विदर्भातल्या गरीब शिंपी कुटुंबातली बाई आहे, नवऱ्याच्या हातून संसाराचा गाडा ओढला जात नाही, तेव्हा ती तो आपल्या खांद्यावर घेते. ‘रथचक्र’मधली स्त्री कोकणातल्या एकत्र कुटुंबातली, नवरा घर सोडून निघून गेलेला आणि मुलांना शिकवायचे तर त्या घरातून बाहेर पडल्यावाचून गत्यंतर नाही. एकीच्या तोंडी वऱ्हाडी, दुसरीच्या भोवती कोकणातली माणसे. परंतु दोघींची झुंज एकाच जातीची. एक वाचून झाल्यावर दुसरी उघडली, की या दोन बाया एकमेकींशी बोलू लागतात. दोन पुस्तके जोडीने वाचण्याचा हा लाभ एकेकटे पुस्तक वाचून मिळत नाही.

आता वाचनालयाविषयी. पुष्कळ सार्वजनिक वाचनालयांत कादंबऱ्या लेखकाच्या आडनावाने लावलेल्या नसून दाखल क्रमांकाने, म्हणजे पुस्तके वाचनालयात ज्या क्रमाने आली त्या क्रमाने, लावलेल्या असतात. वाचकाला ही गैरसोय वाटते, पण तिचा उपयोग करून घेता येतो. दाखल क्रमांकाने लावलेल्या कपाटात शेजारशेजारची पुस्तके बहुधा एकाच खरेदीत आलेली असतात, आणि बरेचदा ती जवळपासच्या वर्षांत छापलेली असतात. ‘स्वामी’ची जुनी प्रत जेथे उभी आहे तेथे तिच्या डावी-उजवीकडची दहा पुस्तके काढून पाहावीत. मला ‘धग’ अशीच मिळाली. ती सर्वांत खालच्या फळीवर, भिंतीला टेकून आडवी पडलेली होती. पुठ्ठ्याची बांधणी, कण्यावर पांढऱ्या शाईने लिहिलेला क्रमांक, आणि आतल्या चिठ्ठीवर परतीच्या तारखेचा शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा. मागणी असलेली पुस्तके सतत लोकांच्या घरी फिरत असतात किंवा टेबलावर परत आलेली असतात. खालच्या फळीवर उरतात ती कोणी नाव घेऊन न मागितलेली. त्यांत टाकाऊ पुस्तके असतातच, पण एखादी ‘धग’ही असते.

पुस्तक न आवडल्याने आपला धीर खचला, हे वाचून वाईट वाटले. वाचनालयाचे पुस्तक पन्नास पानांनंतर परत करण्यात काहीही गैर नाही. घरी नेण्याआधी तेथेच उभ्याने मधले एक पान वाचावे. पहिले पान लेखकाने घासूनपुसून ठेवलेले असते. एकशे विसाव्या पानावर तो जसा आहे तसा सापडतो.

प्रश्न: माझी मुलगी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आहे. इंग्रजी कादंबऱ्या ती भराभर वाचते. मराठी पुस्तक दिले की दोन दिवसांत बाजूला ठेवते. काय द्यावे? (एक पालक, नाशिक)

उत्तर: मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ द्यावी. आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गाची ही कादंबरी आहे आणि ती त्या वर्गातल्या एका मुलाच्याच बोलीत लिहिलेली आहे. त्यामुळे पुस्तकी मराठीचा अडसर मध्ये येत नाही. विज्ञानाची आवड असेल तर जयंत नारळीकर यांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह सोबत ठेवावा. पुस्तक टेबलावर ठेवून आपण बाजूला व्हावे. वाचून झाले का, असे आठवडाभर तरी विचारू नये.

प्रश्न: मी संगणक क्षेत्रात काम करतो. कादंबरीला सलग वेळ मिळत नाही म्हणून कथासंग्रहांकडे वळलो. परंतु सुट्टीच्या दिवशी संग्रह हातात घेतला, की तीन-चार कथांनंतर त्या एकमेकींत मिसळू लागतात आणि पात्रांची नावेसुद्धा लक्षात राहत नाहीत. कथासंग्रह वाचण्याची काही पद्धत असते काय? आणि सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर: दोष आपल्या स्मरणशक्तीचा नाही. मराठी कथा ही मुळात संग्रहासाठी लिहिली गेलेली नाही. ती मासिकात किंवा दिवाळी अंकात एकेकटी येत असे. जी. ए. कुलकर्णी यांच्या अनेक कथा प्रथम ‘सत्यकथा’ मासिकात आल्या. तेव्हाचा वाचक एक कथा वाचून अंक मिटत असे आणि पुढची कथा यायला कित्येक महिने जात. पुढे त्याच कथा एका पुठ्ठ्यात बांधल्या गेल्या आणि आपण त्या एका दुपारी ओळीने वाचू लागलो. प्रत्येक कथेने स्वतःपुरते जे जग उभे केलेले असते, ते मनात स्थिर होण्याआधीच दुसरे जग त्यावर येऊन आदळते. म्हणून एका बैठकीत एकच कथा वाचावी आणि मध्ये निदान एक दिवस जाऊ द्यावा. मी रात्री जेवणानंतर एक कथा वाचतो आणि दुसऱ्या दिवशी ती कोणाला तरी सांगून पाहतो. सांगताना जेथे अडखळायला होते, तेथेच बहुधा कथेचा खरा पेच असतो.

संग्रहातला क्रमही पाळण्याचे कारण नाही. पुस्तकाला जिचे नाव दिले आहे तीच कथा सर्वांत सरस असेल असेही नाही. मात्र एका संग्रहाच्या बाबतीत मी शीर्षककथेपासूनच सुरुवात करायला सांगेन. तो संग्रह म्हणजे बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’. तो १९६३चा आहे, म्हणजे वर सांगलीच्या वाचक भगिनींना सांगितलेल्या ‘कोसला’ आणि ‘चक्र’ यांच्याच वर्षीचा. रेल्वेत नोकरी लागलेला एक शिकलेला दलित तरुण परगावी जातो आणि राहायला खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही. एवढेच कथेचे बीज. परंतु त्या क्षणापासून त्याचे चालणे-बोलणे, जेवणाचे आमंत्रण, शेजाऱ्याने दाखवलेली आपुलकी, सगळ्यांतच भीती शिरते. कथेत मोठ्या घटना थोड्या आहेत. वाचकाला धाप लागते ती साध्यासुध्या संभाषणांनी, कारण पुढच्या वाक्याला काय उघडे पडेल हे त्या तरुणाप्रमाणे आपल्यालाही ठाऊक नसते. ही कथा वाचल्यानंतर त्याच दिवशी दुसरी कथा वाचावीशी वाटणार नाही.

जी. एं.कडे वळताना मात्र क्रम सांभाळावा असे माझे मत आहे. अनेकजण ‘काजळमाया’ (१९७२) किंवा ‘रमलखुणा’ (१९७५) यांची कीर्ती ऐकून थेट तेथे जातात आणि त्या प्रतीकांच्या घनदाट रानात वाट चुकून परत फिरतात. ‘निळासावळा’ (१९५९) आणि ‘पारवा’ (१९६०) या सुरुवातीच्या संग्रहांत घरे आहेत, नातेवाईक आहेत, पैशाची चणचण आणि मनातली अढी आहे, तेथे जी. एं.च्या वाक्याची लय एकदा अंगवळणी पडली, की पुढे ‘रमलखुणा’तल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथा वाचकाला आत घेतात.

आपण शहरात राहता आणि नोकरीच्या जगात वावरता, म्हणून जयंत पवार यांचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ आवर्जून सुचवतो. जानेवारी १९८२मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरणगावाचे काय झाले याचे आकडे अहवालांत मिळतात, पण चाळीतल्या खोलीत बसून राहिलेल्या माणसाच्या डोक्यात काय झाले ते या कथांत मिळते. या संग्रहाला २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यानंतर हा पुरस्कार आणखी दोन कथासंग्रहांना मिळालेला आहे: आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला (२०१६) आणि किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ला (२०२१). कथेला वाचक उरला नाही अशी तक्रार अधूनमधून कानावर येते. हे तीन संग्रह लागोपाठ वाचणारा माणूस ती तक्रार पुन्हा करणार नाही. मुंबईची गिरणी, मराठवाड्याचे खेडे आणि कोल्हापूरकडचा गावातून शहराकडे निघालेला मुलगा अशी तीन निरनिराळी जगे त्यांतून समोर येतात.

स्त्रियांनी लिहिलेल्या कथा वाचायच्या असतील तर दोन टोके एकत्र धरावीत. एक टोक विभावरी शिरूरकर यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’चे (१९३३). शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनातले बोलणे त्यांनी इतके उघडपणे लिहिले, की या टोपणनावामागे कोण आहे यावरून त्या काळी वादळ उठले; त्या मालतीबाई बेडेकर होत्या. दुसरे टोक गौरी देशपांडे यांच्या ‘एकेक पान गळावया’चे (१९८०), ज्यात तीनच दीर्घकथा आहेत. अर्ध्या शतकात मराठी बाईचे वाक्य किती मोकळे झाले आणि कोणती गोष्ट तिला अजूनही अडखळतच सांगावी लागली, हे ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की दिसते.

प्रश्न: आम्ही कॅनडात राहतो. छापील पुस्तके मागवण्याचा खर्च पुस्तकाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. शिवाय येथे दुकानात पुस्तक चाळून निवडण्याची सोय नाही. नवे लेखक आम्हाला कळावेत कसे? (एक कुटुंब, टोरोंटो)

उत्तर: दिवाळी अंक मागवावेत. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून नवा कथाकार प्रथम भेटण्याची जागा तीच आहे, आणि आता अनेक अंक डिजिटल स्वरूपातही मिळतात. एका अंकात आठ-दहा जणांच्या कथा असतात. त्यांतली जी सहा महिन्यांनंतरही आठवेल, तिच्या लेखकाचा संग्रह तेवढा मागवावा. खर्च वाचतो आणि निवडही आपली स्वतःची होते. जुन्या पुस्तकांसाठी मराठी विकिस्रोत आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे संकेतस्थळ पाहावे. मंडळाने आपली पुष्कळ प्रकाशने तेथे विनामूल्य ठेवली आहेत. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होते. ह. ना. आपटे १९१९ साली गेले. त्यामुळे १८९०पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आलेली त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी छापण्यास किंवा आंतरजालावर ठेवण्यास आता कायद्याची आडकाठी नाही. घरात मोठ्याने वाचण्यासाठी ती फार चांगली आहे, कारण प्रत्येक प्रकरण पुढच्या आठवड्याची वाट पाहायला लावण्यासाठीच लिहिलेले आहे.

प्रश्न: मला प्रवासवर्णने आवडतात. ‘अपूर्वाई’ आणि ‘पूर्वरंग’ पाठ असल्यासारखी आहेत. पण त्यानंतर हाती आलेल्या पुस्तकांत विमानतळ, हॉटेल, न्याहारी आणि खरेदी यांपलीकडे फारसे सापडले नाही. खरा प्रवास ज्यात आहे अशी पुस्तके सुचवावीत. (एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर: पुस्तक घेण्याआधी एक कसोटी लावून पाहावी. ते मध्येच कोठेतरी उघडावे आणि त्या दोन पानांत लेखकाखेरीज दुसरे कोणी माणूस बोलते काय, ते पाहावे. जेथे लेखक एकटाच पाहतो, एकटाच खातो आणि एकटाच थक्क होतो, तेथे देश कोणताही असला तरी पुस्तक सारखेच निघते. आपल्या आवडत्या दोन्ही पुस्तकांत माणसांची किती गर्दी आहे ते आठवा.

या कसोटीला पुरेपूर उतरणारी काही पुस्तके सांगतो. पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढे जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. १८८९ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ वाचताना जाणवते, की या बाईला देखाव्यापेक्षा व्यवस्था समजून घेण्याची ओढ आहे. राज्यकारभार कसा चालतो, शाळा कशा आहेत, स्त्रियांनी संस्था कशा उभारल्या, हे ती खोदून पाहते. आणि त्या देशाविषयी आदर असूनही कृष्णवर्णीयांना मिळणारी वागणूक लिहायला कचरत नाही.

रशियाविषयी दोन पुस्तके जोडीने घ्यावीत. अनंत काणेकर यांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४०चे आहे. अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिले. काणेकर उत्सुक, सुशिक्षित पाहुण्याच्या नजरेने पाहतात. अण्णा भाऊ मात्र वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेले आणि तरुणपणी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचलेले शाहीर होते. ज्या देशावर न पाहता गाणे केले, तो देश प्रत्यक्ष पाहायला निघालेल्या माणसाचा हा प्रवास आहे. दोघांच्या भूमिका आज पटोत वा न पटोत, एकाच देशाकडे पाहणारे हे दोन निराळे डोळे शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. परदेशात मुक्काम करून लिहिलेले हवे असेल, तर लंडनमध्ये डॉक्टर म्हणून राहिलेल्या मीना प्रभु यांचे ‘माझं लंडन’ घ्यावे. आणि जवळचाच प्रवास हवा असेल तर गो. नी. दांडेकर यांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’. ती कादंबरी म्हणून ओळखली जाते, पण नर्मदेच्या परिक्रमेत पायाखाली येणारी प्रत्येक वाट तिच्यात आहे.

तरीही एकच पुस्तक निवडायचे झाले तर मी विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’ निवडेन. पेणजवळच्या वरसई गावचा हा गरीब भिक्षुक. घरावर कर्ज होते. ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत असे कळले, म्हणून दक्षिणा मिळण्याच्या आशेने तो काकांबरोबर उत्तरेकडे निघाला. वर्ष १८५७. महूजवळ पोचतात तोच शिपायांकडून कळते, की लवकरच मोठा उत्पात होणार आहे. शहाण्या माणसाने तेथून माघारी फिरायचे. हे दोघे पुढे जातात. झाशीच्या वेढ्यात गोडसे भटजी शहरातच होते. गोळे कसे पडत, लोक कोठे लपत, शहर पडल्यानंतर गल्ल्यांत काय उरले, हे त्यांनी ज्या साधेपणाने लिहिले आहे तो साधेपणाच अंगावर येतो.

एक प्रसंग मी कितीदा वाचला असेल याची गणती नाही. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी भटजी पहाटे पाणी काढायला थांबले आहेत. चार-पाच स्वार येतात. त्यांत पठाणी वेषातली, धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ झालेली राणी लक्ष्मीबाई आहे. भटजी मडक्याने पाणी काढू लागतात, तेव्हा ती त्यांना थांबवते, विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणते, स्वतःच मडके विहिरीत सोडते आणि ओंजळीने पाणी पिते. मग घोड्यावर बसून निघून जाते. इतिहासाच्या ग्रंथांत राणी लढताना दिसते. तहानलेली राणी या भिक्षुकाने पाहिली. वाटेत अनेकदा लुटले जाऊन, कमावलेले जवळजवळ सगळे घालवून, तो गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन घरी परतला आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले.

हे पुस्तक घेताना आवृत्ती पाहून घ्यावी. १९०७ साली चिं. वि. वैद्य यांनी ते प्रथम प्रसिद्ध केले, पण मजकुराची काटछाट आणि फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून द. वा. पोतदार यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली आली. दुकानात आज निरनिराळ्या आवृत्त्या मिळतात आणि मुखपृष्ठावरून फरक कळत नाही. म्हणून प्रस्तावना उघडावी, पोतदारांचे नाव शोधावे, आणि ते नसेल तर दुकानदाराला किंवा ग्रंथपालांना मूळ हस्तलिखिताबरहुकूम असलेली प्रत स्पष्टपणे मागावी.